उपयोगिता प्रमाणपत्र

आडनावच पोतनीस. लेखा विभागात दुसरं कोण बसणार,
असं पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं
आणि मग बावीस वर्षं मी बसलेच.

पाषाण रोडवरून आत वळलं की आमची इमारत,
तळमजल्यावर झेरॉक्सच्या शेजारी माझी खिडकी.
संशोधन वर चालतं, तिसऱ्या मजल्यावर.
खाली उतरतात ती त्याची बिलं.

रेहाना तांबोळीचं बिल मी परत पाठवलं होतं:
लग्नपत्रिका छापायच्या जाळ्या, नग चार.
रबरी पट्टी, नग एक.
जिनगर स्क्रीन प्रिंटर्स, शुक्रवार पेठ.
लाल शाईनं शेरा मारला,
प्रयोगशाळेत लग्न कोणाचं?

ती स्वतःच आली. तळहातावर काचेचा तुकडा,
काडेपेटीएवढा, काळा.
म्हणाली, मॅडम, छतावरच्या त्या निळ्या पत्र्यांना
चौदाशे अंशांची भट्टी लागते.
हा आम्ही छापतो.
थरावर थर. पत्रिकेवर कसा आधी लाल, मग हिरवा,
मग सोनेरी.

सोनेरी? मी पेन खाली ठेवलं.
सोन्याला वेगळी मंजुरी लागते.

नाही हो. सोनं बाकीचे लावतात.
आम्ही काजळी लावतो.

काजळी उपभोग्य साहित्यात बसते.
सही केली.

पुढे जिनगरच येऊ लागले, दुकान बंद करून, रात्री आठला.
पीएचडीच्या मुलांना ओरडायचे:
शाई ढकलता काय, ओढा!
हात थांबला की डाग पडलाच म्हणून समजा.
त्यांच्या मानधनाचा कागद माझ्याकडे आला.
तज्ज्ञाची शैक्षणिक पात्रता? सातवी पास.
मी तो रकाना
पाहिलाच नाही.

पैसे तीन हप्त्यांत येणार होते.
दुसरा आला एकोणतीस मार्चला, दुपारी चारला,
सोबत पत्र: एकतीसपर्यंत खर्च करा,
नाहीतर व्याजासह परत.
दोन दिवसांत काय घेतात? एसी घेतात.
सगळेच घेतात, पाषाणात थंडी पडली तरी घेतात.
रेहानानं वैभवी खिलारेचं विद्यावेतन काढलं,
चार महिन्यांचं थकलेलं,
आणि उरलेल्यात हवा सुकवायचं एक यंत्र.

मग दिल्लीहून समिती आली.
कार्यक्षमता किती? अकरा टक्के.
बाजारात तर बावीस मिळते.
टिकतो किती? जुलैच्या हवेत चाळीस दिवस, सर,
मग कडेनं पिवळा पडतो.
आणि किंमत?
किमतीचा कागद तिनं काढेपर्यंत
गाडी लागली होती खाली.
इतिवृत्तात मी लिहिलं, चर्चा समाधानकारक.
बशीतले काजू मात्र संपले होते.

आता प्रमाणपत्र. रकाना नऊ:
'निधीतून काय साध्य झाले, थोडक्यात.'
मी वर गेले विचारायला. बावीस वर्षांत पहिल्यांदा जिना चढून.
रेहानानं माझ्या हातातला कॅल्क्युलेटर घेतला.
त्याच्या कपाळावर काळी पट्टी आहे, चार चौकटींची,
तिच्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.
तिनं ती उपसली. दोन तारा.
जागी आपला काळा तुकडा चिकटवला,
खिडकीत धरला.

थोडा वेळ काहीच नाही.
वैभवीनं पडदा सरकवला.
मग उमटलं
शून्य.

जिनगर म्हणाले, बघा, छपाई ठळक आली.

माझं सगळं आयुष्य शून्यं मोजण्यात गेलं,
खर्चात पडलेली, मागणीत वाढवलेली.
उजेडातून आलेलं हे पहिलंच.
रकाना नऊमध्ये ते बसेना.
'अहवाल सोबत जोडला आहे' असं लिहून
शिक्का मारला.

तिसरा हप्ता अजून आलेला नाही.
कॅल्क्युलेटर मी परत मागितला नाही, तोच तसाच वापरते.
तुकड्याची डावी कड किंचित पिवळी होतेय,
रोज सकाळी पट्टीनं मोजून
वैभवीला सांगते.
ढग आले की बेरीज तोंडी करते.